सातबाऱ्याचा व्हिडिओ शोधणाऱ्यापर्यंत कसा पोहोचतो? व्हिडिओ सर्च इंजिनची रीत आणि मराठी निर्मात्यासाठी कार्यपद्धती

तहसील कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा असलेला एखादा शेतकरी मोबाइल काढतो आणि यूट्यूबवर ‘सातबारा कसा काढायचा’ असे लिहितो, किंवा माइकचे चिन्ह दाबून नुसते बोलतो. क्षणभरात व्हिडिओंची यादी समोर येते. त्यातले वरचे तीन-चार तो न्याहाळतो, एक उघडतो आणि काम झाले की फोन खिशात टाकतो. त्याच विषयावर तुम्ही याहून नेमका आणि ताजा व्हिडिओ केलेला असेल, पण तो यादीत चाळिसावा असेल, तर या माणसाच्या लेखी तो नसल्यासारखाच आहे.

ही यादी कशी तयार होते आणि तिच्यात आपला व्हिडिओ योग्य माणसासमोर यावा यासाठी निर्मात्याने कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात पाहू. सातबाऱ्याचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे, कारण एकच गोष्ट मराठी माणूस किती तऱ्हांनी लिहितो हे त्यात फार स्पष्ट दिसते. मुख्य विवेचन यूट्यूबचे आहे. ज्यांचे स्वतःचे संकेतस्थळ आहे त्यांच्यासाठी गूगलच्या व्हिडिओ शोधाचा भाग पुढे स्वतंत्रपणे दिला आहे.

यंत्रणेला व्हिडिओ सापडतो कसा

यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक लांबीचे व्हिडिओ चढवले जातात, म्हणजे एका दिवसात किमान ७ लाख २० हजार तास. ते सगळे पाहून कोणी क्रम लावणे शक्य नाही, आणि प्रत्येक शोधाच्या वेळी सगळे व्हिडिओ चाळणे यंत्रालाही परवडणारे नाही. म्हणून व्हिडिओ चढवला गेला की त्याच्याविषयीची माहिती आधीच एका सूचीत नोंदवून ठेवली जाते. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते आणि त्यात शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात, तशीच ही सूची. फरक इतकाच की येथे शब्दापुढे व्हिडिओ असतात. शोध घेतला जातो तो या सूचीत.

सूचीत माहिती येते ती शीर्षक, वर्णन, टॅग (निर्मात्याने जोडलेले विषयशब्द), सबटायटल्स आणि खुद्द व्हिडिओतील आशय यांतून. बोललेले शब्द आज यंत्राला पुष्कळ प्रमाणात ओळखता येतात, चित्रातील मजकूर आणि वस्तूही ओळखता येतात. तरीही शोध म्हणजे शब्दाला शब्द भिडवणे हे मूळ सूत्र अजून टिकून आहे. गूगलने जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे यूट्यूबचा पहिला व्हिडिओ चढण्याच्या तीन महिने आधी, ‘गूगल व्हिडिओ’ ही सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात प्रत्यक्ष चित्राचा शोध होतच नव्हता. अमेरिकेतील दूरचित्रवाणी कार्यक्रमांसोबत बहिऱ्या प्रेक्षकांसाठी जो मजकूर प्रसारित होत असे, त्यात शब्द शोधले जात. वीस वर्षांत यंत्रे खूप हुशार झाली, पण ज्याने आपल्या व्हिडिओसोबत नीट मजकूर दिलेला नाही त्याने यंत्राला अंदाज बांधायला लावले आहे, ही गोष्ट तेव्हाइतकीच आजही खरी आहे.

येथे एक बारीक पण महत्त्वाची अट आहे. व्हिडिओ ‘सार्वजनिक’ असेल तरच तो शोधात येतो. ‘खासगी’ किंवा ‘असूचीबद्ध’ (फक्त दुवा हाती असलेल्यालाच दिसणारा) ठेवलेला व्हिडिओ शोधाच्या यादीत येत नाही. तपासणीसाठी असूचीबद्ध ठेवलेला व्हिडिओ सार्वजनिक करायचा राहून गेला आणि महिनाभर व्ह्यूज का येत नाहीत म्हणून डोके खाजवले, असे प्रकार वाटतात त्यापेक्षा जास्त घडतात.

क्रम कशावर ठरतो

शोधाचे निकाल लावताना तीन गोष्टींना प्राधान्य असते, असे यूट्यूबने स्वतः सांगितले आहे. पहिली समर्पकता: शीर्षक, वर्णन, टॅग आणि प्रत्यक्ष आशय शोधलेल्या शब्दांशी कितपत जुळतो. दुसरी प्रेक्षकांचा प्रतिसाद: त्या विशिष्ट शोधातून आलेल्या लोकांनी तो व्हिडिओ किती वेळ पाहिला. तिसरी गुणवत्ता: त्या विषयात ते चॅनेल जाणकार आणि विश्वासार्ह आहे असे मानायला काय खुणा आहेत. याखेरीज प्रत्येकाचा स्वतःचा शोधाचा आणि पाहण्याचा इतिहास असतो, त्यामुळे एकाच शब्दाला दोन माणसांच्या फोनवर वेगवेगळी यादी येऊ शकते.

यातील दुसऱ्या मुद्द्यातला ‘विशिष्ट शोध’ हा शब्दप्रयोग बहुतेक जण वाचताना ओलांडून जातात. व्हिडिओला एकच सरसकट गुण मिळत नाही. सातबाऱ्याचा तुमचा व्हिडिओ ‘सातबारा मोबाइलवर’ असा शोध घेणाऱ्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि ‘सातबारा म्हणजे काय’ असे विचारणाऱ्यांनी दहाव्या सेकंदाला सोडला, तर पहिल्या शोधात तो वर सरकेल आणि दुसऱ्यात मागे पडेल. म्हणून सगळ्यांना सामावणारे ढोबळ शीर्षक देणे हे बहुधा नुकसानीचे ठरते: ज्यांचे काम होणार नाही अशांनाही आपण दारात बोलावतो आणि ते परत जाताना आपल्याविषयी साक्ष देऊन जातात.

पूर्वी असे नव्हते. सुरुवातीच्या काळात व्ह्यूजची संख्या हा मोठा निकष होता, त्यामुळे भडक थंबनेल (यादीत व्हिडिओसाठी दिसणारे छोटे चित्र) आणि फसवे शीर्षक यांचे पीक आले. २०१२ मध्ये यूट्यूबने व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला, म्हणजे वॉच टाइमला, अधिक महत्त्व देण्यास सुरुवात केली. शिफारशींमध्ये हा बदल होताच व्ह्यूज सुमारे २० टक्क्यांनी घटले, असे कंपनीच्या वरिष्ठ अभियंत्याने पुढे जाहीरपणे लिहिले. नंतर केवळ वेळही पुरेसा नाही असे दिसून आले आणि प्रेक्षकांना प्रश्नावली देऊन, ‘हा व्हिडिओ पाहून समाधान झाले का’ हे विचारण्याची पद्धत त्यात मिसळली गेली.

२०१६ मध्ये पॉल कव्हिंग्टन, जे ॲडम्स आणि एम्रे सार्गिन या गूगलच्या अभियंत्यांनी यूट्यूबच्या शिफारस यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो शोधाविषयी नाही, शिफारशींविषयी आहे. पण कामाची रीत समजायला उपयोगी पडतो. लाखो व्हिडिओंमधून आधी काही शेकडा निवडायचे आणि मग त्या शेकड्यांची बारकाईने तुलना करून क्रम लावायचा, अशा दोन टप्प्यांत ते काम चालते. शोधाकडेही असेच पाहावे. आपला मजकूर, म्हणजे शीर्षक आणि सबटायटल्स, पहिल्या चाळणीतून आत जाण्यासाठी कामी येतो. त्यापुढचा क्रम मुख्यतः प्रेक्षक ठरवतात. ‘एसइओ (शोधात वर येण्यासाठी मजकुराची जुळवाजुळव) केले की व्हिडिओ वर जातो’ असे सांगणारे लोक पहिल्या चाळणीलाच संपूर्ण परीक्षा समजतात.

पहिले काम: लोक कोणता शब्द लिहितात ते शोधणे

कॅमेरा हातात घेण्याआधी अर्धा दिवस या कामाला द्यावा. सातबाऱ्याचेच पाहा. महसूल खात्याच्या भाषेत तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंदवही. पण शोधणारा माणूस ‘अधिकार अभिलेख’ असे कधीही लिहीत नाही. तो ‘सातबारा’ लिहितो, ‘सात बारा’ असे तोडून लिहितो, देवनागरी अंकांत ‘७/१२’ लिहितो, इंग्रजी अंकांत तेच लिहितो, ‘जमिनीचा उतारा’ म्हणतो, आणि फार मोठ्या संख्येने रोमन लिपीत मराठी लिहितो. त्या रोमन लेखनाचीही एकच रीत नाही. ‘कसा काढायचा’ यातल्या ‘ढ’ला कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दोन. पाककृतींमध्ये हीच गत: ‘थालीपीठ’ आणि ‘थालिपीठ’, ‘पुरणपोळी’ आणि ‘पुरण पोळी’. शुद्धलेखनाच्या शिक्षकांना वाईट वाटेल, पण येथे कोशातले रूप आणि लोकांच्या बोटांवरचे रूप यांत दुसऱ्याला मान द्यावा लागतो.

हे शब्द गोळा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग खुद्द शोधपेटीत आहे. ब्राउझरची खासगी विंडो उघडावी, म्हणजे आपला इतिहास आड येत नाही. ‘सातबारा’ लिहून एक जागा सोडावी आणि खाली उघडणाऱ्या सूचना उतरवून घ्याव्यात. मग ‘सातबारा’पुढे एकेक अक्षर ठेवून पाहावे: ‘सातबारा क’, ‘सातबारा न’, ‘सातबारा व’. ‘व’वर ‘वारस नोंद’ यासारखे विषय येतात, ‘न’वर ‘नाव’ आणि ‘नकाशा’. हाच प्रयोग रोमन लिपीत पुन्हा करावा, कारण दोन्हींच्या सूचना सारख्या नसतात. या सूचना लोकांच्या प्रत्यक्ष शोधांतून येतात, म्हणून एखाद्या महागड्या साधनाने दिलेल्या गुणांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

गूगल ट्रेंड्स या शोधांचे कल दाखवणाऱ्या सेवेत ‘वेब शोध’ऐवजी ‘यूट्यूब शोध’ हा पर्याय निवडता येतो आणि त्यात २००८पासूनचे कल दिसतात. राज्य म्हणून महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना केली की कोणते रूप अधिक वापरात आहे याचा अंदाज येतो. तेथील आकडे सापेक्ष असतात, प्रत्यक्ष शोधांची संख्या नसते. मराठी शब्दांना पुरेशी माहिती नसल्यामुळे आलेख कधी कधी रिकामाही येतो. अशा वेळी शोधपेटीच्या सूचनांवरच काम भागवावे.

मग प्रत्येक शब्दामागचा हेतू ओळखावा. ‘सातबारा म्हणजे काय’ विचारणाऱ्याला समजून घ्यायचे आहे, त्याला दहा मिनिटांची उकल चालेल. ‘सातबारा डाउनलोड’ लिहिणाऱ्याला उतारा हवा आहे, आणि तोही बहुधा आजच. या दोघांसाठी दोन वेगळे व्हिडिओ करावेत. एकाच व्हिडिओत दोघांनाही बसवले की डाउनलोडवाला पहिल्याच मिनिटाला उठून जातो.

देवनागरीतले छुपे खड्डे

हा भाग इतर भाषांतील मार्गदर्शनात सापडणार नाही, म्हणून येथे थोडे थांबू. पडद्यावर सारखी दिसणारी दोन अक्षरे संगणकाच्या दृष्टीने वेगळी असू शकतात. ‘ऑनलाइन’मधला ‘ऑ’ हा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, एक स्वतंत्र स्वर आहे. काही कळफलकांवर लोक ‘आ’ लिहून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण आत दोन चिन्हे असतात आणि युनिकोडच्या नियमांनुसार ती जोडी त्या एका स्वराशी समतुल्य मानलेली नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ऱ्याचेही तसेच. तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. पहिल्या प्रकारात त्या शब्दात १३ चिन्हे असतात, दुसऱ्यात १४. मोठी सर्च इंजिने असे बरेच भेद पोटात घालतात. पण सगळे भेद ती प्रत्येक ठिकाणी घालतीलच यावर आपण का विसंबून राहावे? शीर्षक मोबाइलवरच्या नेहमीच्या मराठी कळफलकाने, जो आपला प्रेक्षक वापरतो त्यानेच, एकदा नव्याने लिहून काढावे.

याहून मोठा खड्डा जुन्या फॉन्टचा. मुद्रणालयात आणि अनेक कार्यालयांत अजूनही श्रीलिपीसारख्या प्रणालींचे युनिकोडपूर्व फॉन्ट वापरात आहेत. त्यांत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर तेथे मराठी न दिसता रोमन अक्षरांचा आणि खुणांचा खच दिसतो. माणसाला निदान चूक झाल्याचे कळते. यंत्र तो खच तसाच सूचीत टाकते. असा मजकूर परिवर्तकातून काढून, वाचून, मगच वापरावा. थंबनेलसाठी मात्र कोणताही फॉन्ट चालतो, कारण ते चित्र आहे.

शीर्षक

यूट्यूबवर शीर्षकाला १०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही संगणकाच्या नोंदीत वेगळी चिन्हे असतात, म्हणून मराठीत ही मर्यादा दिसते त्यापेक्षा लवकर संपते. शिवाय मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच तुटते. त्यामुळे मुख्य शब्द पहिल्या चार-पाच शब्दांतच यायला हवा.

‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, आजच्या व्हिडिओत आपण पाहणार आहोत सातबारा’ हे शीर्षक शोधणाऱ्याला आणि यंत्राला सारखेच निरुपयोगी आहे. ‘सातबारा उतारा मोबाइलवर कसा काढायचा – ७/१२ डिजिटल सहीसह’ हे बरे. त्यात दोन प्रचलित रूपे सहज येतात, साधन कळते आणि ‘डिजिटल सहीसह’ या दोन शब्दांमुळे हा केवळ पाहण्यापुरता विनास्वाक्षरीत उतारा नाही हेही समजते. रोमन लिपीतील एखादे रूप शेवटी जोडायला हरकत नाही. पण सहा रूपांची माळ लावली की शीर्षक वाचण्याजोगे राहत नाही आणि माणूस ते ओलांडून खालच्या व्हिडिओवर जातो.

एका सुविधेबाबत सावध राहावे. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे निर्मात्याच्या व्यवस्थापनाच्या पानावर, शीर्षक आणि वर्णन यांची अन्य भाषांतील भाषांतरे जोडता येतात आणि प्रेक्षकाच्या भाषेनुसार ती दाखवली जातात. आपल्याकडे असंख्य मराठी लोक फोन इंग्रजीतच ठेवतात. इंग्रजी भाषांतर जोडले की त्यांना मराठी व्हिडिओ इंग्रजी शीर्षकाने दिसू शकतो आणि हा आपल्यासाठी नाही असे समजून ते पुढे जातात. प्रेक्षक खरोखरच परभाषक असल्याशिवाय ही सुविधा वापरू नये, असे माझे मत आहे.

वर्णन, टॅग आणि हॅशटॅग

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत व्हिडिओतून नेमके काय मिळेल ते पूर्ण वाक्यांत सांगावे, कारण उरलेला मजकूर झाकलेला असतो. पुढे टप्पे, लागणारी माहिती (जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव) आणि अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. गोळा केलेली शब्दरूपे येथे ओघात वापरता येतात. नुसती शब्दांची रास ओतणे मात्र यूट्यूबच्या धोरणाविरुद्ध आहे आणि त्यामुळे व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

टॅगांचा व्हिडिओ सापडण्यात फारच थोडा वाटा असतो. लोक ज्या शब्दाचे लेखन चुकवतात तेथेच त्यांचा उपयोग होतो, असे यूट्यूबच सांगते. मराठीत त्या चुका भरपूर, तेव्हा पाच मिनिटे देऊन वेगळी रूपे तेथे भरावीत आणि विषय सोडून द्यावा. हॅशटॅग दोन-तीन पुरेत. ६०हून अधिक दिले तर सगळेच दुर्लक्षिले जातात.

सबटायटल्स

यंत्राला मजकूर पुरवण्याचा हा सर्वांत भक्कम मार्ग आहे आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही. आधी स्टुडिओत व्हिडिओच्या तपशिलात जाऊन ‘व्हिडिओची भाषा’ मराठी अशी निवडलेली आहे ना ते पाहावे. ही जागा पुष्कळदा रिकामी किंवा हिंदी राहून गेलेली असते, आणि मग मराठी बोलणे हिंदी समजून उतरवले जाण्याची वेळ येते.

आपोआप तयार झालेली सबटायटल्स असतील तर ती आधार म्हणून घ्यावीत, पण वाचल्याशिवाय सोडू नयेत. गावांची नावे, आडनावे, ‘फेरफार’, ‘पोटखराबा’, ‘आणेवारी’ यांसारखे महसुली शब्द यंत्र हमखास बिघडवते, आणि शोधात नेमके हेच शब्द मोलाचे असतात, कारण ते लिहिणारे लोक थोडे असले तरी त्यांना काय हवे आहे ते पक्के ठाऊक असते. निवेदन आधी लिहून काढण्याची सवय असेल तर अर्धे काम झालेलेच असते: तोच मजकूर वेळांसह एसआरटी या सबटायटल्सच्या फाइलमध्ये बसवून चढवावा. दहा मिनिटांच्या व्हिडिओला यासाठी सुरुवातीला दीड-दोन तास लागतात, हात बसला की कमी. शिवाय ज्याला ऐकू येत नाही तो आणि एसटीच्या गर्दीत आवाज बंद ठेवून पाहणारा, दोघांचीही सोय होते.

प्रकरणे

वर्णनात वेळांची यादी दिली की व्हिडिओची प्रकरणे पडतात. पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचे हवे. यातली एक अट मोडली तरी प्रकरणे पडत नाहीत. येथे वेळा लिहिताना देवनागरी अंकांचा मोह टाळून इंग्रजी अंकच वापरावेत. प्रकरणांना ‘सुरुवात’, ‘भाग दोन’ अशी नावे देऊ नयेत. ‘गट क्रमांक माहीत नसेल तर नावावरून शोध’ असे नाव दिले की ते नाव स्वतःच एका शोधाचे उत्तर होते, आणि गूगलच्या निकालांत तो भाग थेट महत्त्वाचा क्षण म्हणून दिसू शकतो.

थंबनेल आणि पहिला अर्धा मिनिट

थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचे असावे आणि तयार झाल्यावर ते बोटाच्या पेराएवढे लहान करून पाहावे, कारण बहुतेकांना ते तेवढेच दिसणार आहे. त्यावर शीर्षकच पुन्हा लिहू नये. सातबाऱ्याच्या व्हिडिओत उताऱ्याच्या पानाचा ओळखू येणारा कोपरा आणि ‘डिजिटल सही’ असे दोन शब्द पुरेत. स्टुडिओतील चाचणीच्या सोयीने तीन थंबनेल एकमेकांसमोर ठेवून पाहता येतात. तेथे विजेता नुसत्या क्लिकवरून ठरत नाही, पाहण्याच्या वेळेतील वाट्यावरून ठरतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शीर्षकाने दिलेला शब्द पहिल्या ३० सेकंदांत पाळला गेला पाहिजे. लांबलेले बोधचिन्ह, संगीत, ‘चॅनेलला सबस्क्राइब करा, घंटी दाबा’ आणि मग विषयाचे महत्त्व, अशी प्रस्तावना ऐकायला शोधातून आलेला माणूस तयार नसतो. तो कामासाठी आलेला असतो. ‘हा असा डिजिटल सहीचा सातबारा पाच मिनिटांत मिळेल, त्यासाठी जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक हाताशी ठेवा’ असे म्हणून उताऱ्याचे पान दाखवावे आणि थेट पडद्यावर जावे. सबस्क्राइब करण्याची विनंती काम झाल्यावर करावी. तेव्हा ती मान्य होण्याची शक्यताही जास्त असते.

स्वतःच्या संकेतस्थळावरचा व्हिडिओ आणि गूगल

येथे परिस्थिती वेगळी आहे. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ यूट्यूबला ठाऊकच असतो. तुमच्या संकेतस्थळावरचा व्हिडिओ मात्र गूगलबॉटने, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या गूगलच्या यंत्राने, पानावर येऊन शोधावा लागतो. पान लॉगिनच्या आड असेल, रोबोट्सच्या फाइलने (बॉटने कोठे जाऊ नये ते सांगणाऱ्या) अडवलेले असेल किंवा एखादे बटण दाबल्यानंतरच व्हिडिओ उमटत असेल, तर बॉटला तो दिसत नाही. डिसेंबर २०२३पासून गूगलच्या व्हिडिओ विभागात अशीच पाने दाखवली जातात जेथे व्हिडिओ हाच पानाचा मुख्य आशय आहे. दोन हजार शब्दांच्या लेखात खाली कोठेतरी व्हिडिओ चिकटवला असेल तर तो त्या विभागात येणार नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओला स्वतंत्र पान करावे आणि त्यात व्हिडिओ वरच्या बाजूला ठेवावा.

त्या पानावर ‘व्हिडिओऑब्जेक्ट’ या प्रकारचा संरचित मजकूर, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातील माहिती, द्यावी. त्यात नाव, थंबनेलचा पत्ता आणि प्रकाशनाची तारीख या तीन गोष्टी अनिवार्य आहेत. वर्णन आणि कालावधी दिले तर उत्तम. थंबनेलचा पत्ता कायम राहणारा हवा, दर वेळी बदलणारा नको. सोबत व्हिडिओ साइटमॅप (संकेतस्थळावरील व्हिडिओंची यादी) सादर करावा आणि सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनातील व्हिडिओ अनुक्रमणाचा अहवाल आठवड्याने उघडून पाहावा. कोणते पान का वगळले गेले याचे कारण तेथे दिलेले असते. 

आकडे वाचणे आणि दुरुस्ती

व्हिडिओ प्रसिद्ध करून किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. मग स्टुडिओतील ॲनालिटिक्समध्ये (आकडेवारीच्या विभागात) रहदारीच्या स्रोतांत ‘यूट्यूब शोध’ उघडावा. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले याची यादी तेथे मिळते, आणि सगळ्या ॲनालिटिक्समध्ये मला सर्वांत मोलाचे पान हेच वाटते.

थंबनेल किमान एक सेकंद आणि किमान अर्धे दिसले की एक इम्प्रेशन मोजले जाते. इम्प्रेशन्स आहेत पण क्लिक कमी असतील तर दोष शीर्षकात किंवा थंबनेलमध्ये आहे. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांत इम्प्रेशन्सपैकी क्लिक होण्याचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, तेव्हा ४ टक्के पाहून घाबरू नये. व्हिडिओ अधिक लोकांसमोर जाऊ लागला की हे प्रमाण बहुधा उतरतेच. क्लिक चांगले आहेत पण ३० सेकंदांपाशी आलेख कोसळत असेल, तर दोष सुरुवातीत आहे किंवा शीर्षकाने भलत्याच लोकांना बोलावले आहे. आणि इम्प्रेशन्सच नसतील तर पुन्हा शब्दांच्या यादीकडे जावे: आपण वापरलेला शब्द कोणी लिहीतच नसावे.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाचा गुण आला ते कळत नाही. शीर्षक, वर्णन, थंबनेल, सबटायटल्स हे सारे नंतर बदलता येते. व्हिडिओची फाइल मात्र बदलता येत नाही. स्टुडिओत काही भाग कापण्यासारखे मोजकेच बदल करता येतात. शासकीय संकेतस्थळांच्या व्हिडिओंना याचा फटका बसतो, कारण संकेतस्थळाची रचना बदलली की जुना पडदा दाखवणारा व्हिडिओ प्रेक्षकांना गोंधळात टाकतो आणि पाहण्याची वेळ घसरत जाते. अशा वेळी जुना व्हिडिओ काढून टाकू नये. नवा करावा, आणि जुन्याच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत, पिन केलेल्या टिप्पणीत आणि कार्डमध्ये नव्याचा दुवा द्यावा, म्हणजे जुन्याकडे येणारा ओघ नव्याकडे वळतो. दुसरीकडे, व्ह्यूज विकणाऱ्यांकडून ओघ विकत घेणे धोरणाने निषिद्ध आहे. शिवाय ते व्ह्यूज पाहण्याचा वेळ आणत नाहीत, त्यामुळे क्रमाच्या दृष्टीनेही उलटेच घडते.

शोधशब्दांच्या त्या यादीत खाली खाली जात राहावे. तेथे असे काही शब्द दिसतात ज्यांचे उत्तर आपल्या व्हिडिओत नाही, तरीही दुसरे काही न सापडल्यामुळे यंत्राने लोकांना आपल्याकडे पाठवलेले असते: ‘सातबाऱ्यावर वडिलांचे नाव चुकले आहे’, ‘सातबाऱ्यावर विहिरीची नोंद’, ‘गट नंबर सापडत नाही’. अशा शब्दांपुढे पाहण्याचा सरासरी वेळ फार कमी दिसतो. ती ओळ वहीत उतरवून घ्यावी, तोच शब्द शोधपेटीत टाकून वरचे पाच व्हिडिओ पूर्ण पाहावेत, आणि त्यांपैकी एकानेही नेमके उत्तर दिलेले नसेल तर पुढचा व्हिडिओ त्याच शीर्षकाने करायला घ्यावा.